नऊ घरांचं एकच पुस्तक

बंगळुरातल्या मराठी मंडळीत घरं चौदा आणि पुस्तकं एकशे बारा, म्हणजे घरटी आठ पडली. पण वाचणारं माणूस घरटी अर्धंही निघत नाही असं रत्नाबाईंचं मत होतं, आणि ते अर्धं माणूससुद्धा पुस्तक परत करताना त्यात काहीतरी विसरून जायचं. केसांचा आकडा, कारखान्याचा पास, एकदा तर भाकरीचा वाळलेला पापुद्रा.

ही मंडळी म्हणजे लढाईच्या काळात नगर जिल्ह्यातून इकडं आलेली ख्रिस्ती कुटुंबं. कुणी विमानाच्या कारखान्यात, कुणी पलटणीच्या कोठारात, कुणी रेल्वेत. स्वतःचं चर्च नव्हतं. कन्नड मंडळीच्या चर्चमागं एक लांबट खोली होती, ती यांना रविवारी तीन ते साडेचार मिळायची. त्या खोलीत जाळीचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली रत्नाबाईंच्या कमरेला. तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईच्या हाती ग्रंथालय कसं आलं असं कुणी विचारलं, तर त्या म्हणत, दुसरं कुणी घेईना म्हणून. अकरा वर्षं त्या ते सांभाळत होत्या, आणि अकरा वर्षांत त्यांनी त्यातलं जवळजवळ सगळं वाचून काढलं होतं. पहिल्या वर्षी अडखळत, एकेका शब्दाला एक भाकरी भाजण्याएवढा वेळ घेत, आणि पुढं पुढं भाजी चिरता चिरता.

एकोणसाठ सालच्या जानेवारीतल्या पहिल्या रविवारी उपासना संपली आणि मंडळीचे चिटणीस भगवंतराव उठून उभे राहिले. भगवंतराव पलटणीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. कचेरीनं त्यांना सोडलं होतं, त्यांनी कचेरीला सोडलं नव्हतं.

त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. कन्नड मंडळीला शिवणाच्या वर्गासाठी कपाटाची भिंत हवी आहे, तेव्हा कपाट जाणार, आणि मराठी मंडळीला दाराशेजारी एक फळी मिळणार. ही पहिली. दुसरी अशी की मंडळीला पंधरा वर्षं होत आहेत, त्यानिमित्त एक पुस्तिका छापायची. नाव, 'श्रद्धा दृढ करणारी आमची आवडती पुस्तके'. प्रत्येक घरानं एका पुस्तकाची शिफारस चिठ्ठीवर लिहून द्यायची, आणि दोन आठवड्यांनी, वाढदिवसाच्या रविवारी, उभं राहून साक्ष द्यायची की त्या पुस्तकानं आपल्यात काय पालट घडवला. यादीत येतील ती पुस्तकं फळीवर राहतील. उरलेली कोलारकडच्या एका वसतिगृहाला जातील.

"भगवंतराव, त्या वसतिगृहातली मुलं तेलुगू बोलतात," रत्नाबाई म्हणाल्या.

"शिकतील."

"मराठी शिकतील, आपली पुस्तकं वाचायला?"

"ज्ञानाला सीमा नसते, रत्नाबाई. चिठ्ठीवर सही कुटुंबप्रमुखाची हवी. एका घराची एक. नियम म्हणजे नियम."

रत्नाबाईंनी मान हलवली. खरं तर त्यांना घाबरण्याचं कारण दिसत नव्हतं. चौदा घरांची चौदा पुस्तकं तरी येतील, आणि फळीवर दाटीवाटीनं वीस मावतील. त्यांना स्वतःला एकाचीच काळजी होती. 'चुलीपुढची दहा मिनिटं' या नावाचं, पंचांगाएवढं जाड, मोठ्या टायपातलं पुस्तक. कुण्या खेड्यातल्या मास्तरांच्या बायकोनं लिहिलेलं. छोटे छोटे साठ पाठ, एकेक संध्याकाळी वाचायचा. त्यात धर्माचं काही अवघड नव्हतं. सासूशी कसं बोलावं, दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक ऐकताना पोटात दुखतं त्याचं काय करावं, प्रार्थनेला शब्द सुचेनात तर नुसतं बसलं तर चालतं का, असलं होतं. रत्नाबाई ज्या पुस्तकावर वाचायला शिकल्या ते हे. आणि आज त्या चार माणसांत बसून न ओरडता बोलतात तेही, त्यांच्या मते, त्याच्यामुळंच. आपल्या घरच्या चिठ्ठीवर हेच लिहायचं, असं त्यांनी रविवारी रस्त्यातच ठरवून टाकलं.

सोमवारी संध्याकाळी त्यांचे यजमान विठोजी कारखान्यातून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि दुसरा घास घेताना म्हणाले, "ती चिठ्ठी मी दिली बरं का."

"कुठली चिठ्ठी?"

"भगवंतरावांची. ते कारखान्याच्या फाटकापाशीच उभे होते कागद घेऊन. म्हणाले, इथंच सही करा."

"आणि पुस्तक कुठलं लिहिलंत?"

विठोजी आमटीत बोट बुडवून मीठ बघू लागले. मीठ बरोबर होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. "ते मोठं आहे ना. आत्मसोपान."

रत्नाबाईंनी वाढायला उचललेली पळी आमटीत परत सोडली.

'आत्मसोपान-दर्शन, भाग पहिला' हे कपाटातलं सर्वांत जाडजूड पुस्तक. सहाशे बारा पानं, हिरवी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. परत विलायतेला गेलेल्या एका मिशनरी साहेबानं मंडळीला भेट दिलेलं. दुसरा भाग मंडळीकडं नव्हता, आणि अकरा वर्षांत कुणी तो मागितलाही नव्हता. मात्र पहिला भाग सतत बाहेर असायचा. त्याचं असं होतं की पाळकसाहेब बेळगावहून महिन्यातून एकदा उपासना चालवायला येत आणि दर वेळी एका घरी जेवायला जात. ज्या घरी जाणार, त्या घरचं माणूस आधीच्या रविवारी येऊन हे पुस्तक घेऊन जाई. बैठकीच्या टेबलावर विणलेला रुमाल, रुमालावर आत्मसोपान, आणि आत्मसोपानावर चष्म्याचं घर. पाळकसाहेब पोह्यांची बशी ठेवायला जागा करताना ते उचलून बाजूला ठेवत आणि म्हणत, "वा." पुढच्या रविवारी पुस्तक कपाटात परत. ही रीत कुणी घालून दिली नव्हती, पण चौदाच्या चौदा घरं ती पाळत होती.

आणि ते पुस्तक कुणी वाचत नाही हे रत्नाबाईंना नुसतं वाटत नव्हतं, ठाऊक होतं. जुन्या पद्धतीचं पुस्तक ते. पानांच्या कडा छापखान्यातून जोडलेल्याच आलेल्या, वाचणाऱ्यानं सुरी घेऊन एकेक पान सोडवत जायचं. पहिली सोळा पानं त्यांनी स्वतः सोडवली होती, पहिल्याच वर्षी. पहिल्या प्रकरणात एक तहानलेला माणूस विहिरीच्या काठाशी येऊन उभा राहतो असा दृष्टांत होता. तिथपर्यंत त्यांना समजलं. पुढं एक वाक्य लागलं ते दीड पान संपेना, तेव्हा त्यांनी सुरी बाजूला ठेवली. त्यानंतर सतराव्या पानापासून सहाशे बाराव्यापर्यंत एकाही पानाची कड सुटलेली नव्हती.

"तुम्ही वाचलंय ते?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"आपल्याकडं पाळकसाहेब आले होते तेव्हा होतं की टेबलावर."

"मग टेबलानं वाचलं असेल. टेबलाची सही घ्यायची होती."

"अगं, सगळ्यांनी तेच लिहिलं. मी वेगळं काय लिहिणार?"

सगळ्यांनी म्हणजे किती, ते बुधवारी कळलं. भगवंतरावांनी चिठ्ठ्यांचं पाकीट आणून दिलं. छपाईचा अंदाज काढून आणायचं काम अर्थात रत्नाबाईंचं, कारण पेठेत छापखान्यात कोण जाणार. त्यांनी तिथंच पाकीट उघडलं. आत्मसोपान, आत्मसोपान, आत्मसोपान. नऊ घरं. दोन घरांनी गीतांच्या पुस्तकाचं नाव दिलं होतं, जे प्रत्येकाकडं असतंच. एकानं लिहिलं होतं, 'सर्वच पुस्तके चांगली आहेत.' एकानं असं पुस्तक लिहिलं होतं जे कपाटात कधी नव्हतंच.

"म्हणजे फळीवर दोन पुस्तकं राहणार," रत्नाबाई म्हणाल्या. "एक उभं आणि एक त्याला टेकू."

"त्यालाच निवड म्हणतात."

"भगवंतराव, माझं एक नाव घाला. मी ग्रंथपाल आहे."

"तुमच्या घरची चिठ्ठी आलेली आहे. विठोजींची सही आहे."

"सही त्यांची आहे, वाचणारी मी आहे."

"तुम्ही उद्या म्हणाल, प्रत्येक बाईची वेगळी चिठ्ठी घ्या."

"मी आजच म्हणते."

भगवंतरावांनी पाकिटावर बोट आपटलं. "तेरा आल्या. सकवारबाईंची यायची आहे. त्यांच्याकडं मी जाणार नाही, त्या मला बसा म्हणत नाहीत."

हे ऐकलं आणि रत्नाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. सकवारबाई विधवा. मुलगा रेल्वेत गार्ड, महिन्यातले वीस दिवस गाडीवर. घर सकवारबाईंच्या नावावर, मंडळीच्या वहीत कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच नाव. चौदा घरांत बाईमाणसाच्या सहीची एकच चिठ्ठी, आणि ती अजून कोरी. आणि 'चुलीपुढची दहा मिनिटं' गेली दोन वर्षं कुणाकडं असतं, तर सकवारबाईंकडं. महिन्याला परत आणतात, पुन्हा नेतात.

आधी त्या पेठेत गेल्या. बिंदुमाधवाचा छापखाना बळेपेटेत होता. हा मूळचा मराठी माध्व ब्राह्मण, पण पूर्वज येऊन तीनशे वर्षं झालेली, त्यामुळं त्याच्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली. छपाईचे देवनागरी खिळे पेठेत त्याच्याकडंच मिळायचे. त्यानं चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अक्का, हे नऊ ठिकाणी तेच आहे."

"मला दिसतंय."

"नऊदा जुळवायचं? माझ्याकडं 'त्म'चे खिळे सहाच आहेत, अक्का. तीन घरांचं काय करू?"

"तीन घरांना आत्मा नाही असं छाप."

बिंदुमाधव हसला नाही, विचारात पडला. "आमच्यात पण हेच. मठाचे स्वामी घरी यायचे असले की देव्हाऱ्यापुढं पोथी काढून ठेवतात. मागल्या वर्षी आमच्या काकांनी ठेवली, स्वामींनी उघडली, आत झुरळांचं बिऱ्हाड. सरी, बरं, तुम्ही एक करा. रविवार होऊ द्या, मग मजकूर द्या. माणूस उभा राहून बोलायला लागला की स्वल्प बदलतो."

"आमचे नाही बदलायचे," रत्नाबाई म्हणाल्या आणि सकवारबाईंकडं ऑस्टिन टाऊनला जायला घोड्याच्या जटक्यात बसल्या.

सकवारबाई ओट्यावर भिजवलेल्या अवऱ्यांचं, म्हणजे इकडच्या पावट्यांचं, पातेलं घेऊन बसल्या होत्या. एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, गर पातेलीत आणि साल जमिनीवर. पासष्टीची बाई, पण चिमटीत अजून जोर होता. आत सून नीरजा चुलीपाशी होती, तिच्या बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"ये पोरी, बैस. आणि बसलीस तर हात चालव."

रत्नाबाई बसल्या, अवऱ्याचे दाणे दाबायला लागल्या, आणि सगळं सांगितलं. नऊ घरं, टेबल, फळी, कोलार. "आता तुमच्या एका चिठ्ठीवर आहे, मावशी. दहा मिनिटंचं नाव तुम्ही दिलं तर ते राहतं. नाहीतर तेलुगू पोरं त्याची विमानं करणार."

"देते की नाव. त्यात काय."

"आणि रविवारी उभं राहून दोन शब्द बोलायचे."

सकवारबाईंचा हात थांबला. "कसले शब्द?"

"त्यानं तुमच्यात काय पालट झाला ते. साक्ष."

"मग नको," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा जुना झालाय."

"चष्म्याचा काय संबंध? बोलायचंय, वाचायचं नाही."

"माझं पुस्तकात लक्ष नसतं फार."

रत्नाबाईंना आता राग यायला लागला. सोमवारपासून नवरा, चिटणीस, छापखाना, आणि आता ज्या बाईनं दोन वर्षं ते पुस्तक सोडलं नाही तीच म्हणते लक्ष नसतं. "मावशी, एवढंच सांगा, त्यातला कुठला पाठ आवडला. मी त्यावर चार ओळी लिहून देते."

"अकरावा," सकवारबाई पटकन म्हणाल्या. आणि मग, खाली दाण्यांकडं बघत, पाठ असलेल्या कवितेसारखं म्हणायला लागल्या. "'बोललेला शब्द परत घेता येत नाही. कुणी घेतला म्हणेल तर तो खोटं बोलतो. पण ज्या माणसाला तो लागला, त्याच्याशेजारी जाऊन बसता येतं. बसावं. काही बोलू नये.' इथं नीरजा थांबते. मग मी म्हणते, वाच पुढं. मग ती म्हणते, 'उद्या पुन्हा बसावं.'"

आतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

रत्नाबाईंच्या हातातला दाणा निसटून लांब गेला. अकरा वर्षं त्या या बाईला पुस्तकं देत होत्या. गाण्याच्या वेळी त्या गीतांचं पुस्तक उघडून धरत, पानसुद्धा वेळेवर उलटत. शेजारणीचं पान उलटलं की यांचं. हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि त्या स्वतःला ग्रंथपाल म्हणवत होत्या.

सकवारबाईंनी आवाज खाली आणला. "आता कळलं ना तुला. मग ऐक बाकीचं. आमच्याकडं पाळकसाहेब येणार होते तेव्हा ते मोठं पुस्तक आधीच्या घरानं परतच केलं नव्हतं. तू हे दिलंस. म्हटलं विचारलं काही तर, म्हणून हिला म्हटलं, वाचून दाखव. तेव्हा ही माझ्याशी बोलत नव्हती. वाढायची, धुवायची, बोलायची नाही. हिचं पहिलं लेकरू गेलं, चार दिवसांचं, तेव्हा मी एक शब्द बोलले होते. हिच्या हाताला यश नाही, म्हणाले. बाळंतिणीच्या तोंडावर." एक दाणा त्यांनी इतका दाबला की गराचा चेंदा झाला. "वाचत वाचत अकराव्यावर आली आणि थांबली. मी म्हटलं वाच पुढं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, अकरावाच वाच. पुढं आम्ही गेलोच नाही. तिनं कधी विचारलं नाही का, मी कधी सांगितलं नाही. आता तू म्हणतेस, चौदा घरांपुढं उभी राहा. काय सांगू? मला वाचता येत नाही, हे सांगू, का मी काय बोलले, ते सांगू? भगवंतरावाला सांगू?"

एवढा वेळ रत्नाबाई पुस्तक वाचवायला धडपडत होत्या. आता त्यांना दिसलं, की आपण एका म्हाताऱ्या बाईला तिची सगळ्यांत झाकलेली जखम उघडून दाखवायला सांगतोय, आणि ती कशासाठी, तर फळीवरच्या बोटभर जागेसाठी. त्या स्वतःवरच चिडल्या. चिडायला दिवसभरात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

"राहू द्या मावशी," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी कोरीच द्या. मी बघते काहीतरी."

"आता राहू द्या म्हणतेस. जा तू घरी. दाणे सोल म्हटलं तर निम्मे सांडलेस."

वाढदिवसाच्या रविवारी खोली भरली. पाळकसाहेब बेळगावहून आले होते, झेंडूच्या माळा होत्या, आणि भगवंतरावांनी चौदा नावांचा कागद डोळ्यांपुढं धरला होता. घरप्रमुख एकेक करून उठू लागले.

पहिल्या गृहस्थांनी सांगितलं की आत्मसोपान वाचून त्यांचं जीवन बदललं. विशेषतः तो दृष्टांत, तहानलेला माणूस विहिरीच्या काठाशी येतो. दुसऱ्यांनी सांगितलं की त्यांना सगळ्यांत भिडला तो विहिरीचा दृष्टांत. तिसरे थोडं थांबून, जणू पुष्कळांतून निवडतायत असं दाखवून म्हणाले, "विहीर." सोळाच पानं उघडी असल्यावर दुसरं काय सापडणार. सहाव्या साक्षीपर्यंत तो माणूस काठावरच उभा होता, कुणी त्याला पोहरा दिला नव्हता. रत्नाबाईंच्या पिशवीत ते हिरवं पुस्तक होतं. कपाट रिकामं करायला त्यांनी उपासनेआधीच सुरुवात केली होती. एकदा त्यांचा हात आत गेलाही. पुस्तक काढावं, वर धरावं, जोडलेल्या कडा अंगठ्यानं कर्रकन फिरवून दाखवाव्यात. मग समोरच्या बाकावर बसलेल्या विठोजींची मान दिसली, दाढी करताना कानामागं राहिलेला साबण दिसला, आणि त्यांनी हात बाहेर काढला. विठोजी सातवे होते. ते उठले, "विहीर" म्हणाले आणि बसले.

तेरा झाले. भगवंतराव म्हणाले, "श्रीमती सकवारबाई. चिठ्ठी कोरी आहे, तेव्हा आपण पुढं जाऊ."

"मी आहे इथं," सकवारबाई म्हणाल्या, आणि नीरजाच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. रत्नाबाईंनी हातानं बसा बसा असं खुणावलं. सकवारबाईंनी तिकडं पाहिलंच नाही.

"माझं पुस्तक चुलीपुढची दहा मिनिटं. ते मी वाचलेलं नाही. मला वाचता येत नाही." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "गाण्याच्या वेळी पुस्तक धरते, ते उगीच धरते. हे पुस्तक माझी सून वाचते आणि मी ऐकते. दोन वर्षं झाली. अकराव्या पाठापाशी ती थांबते. का थांबते ते तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तुम्हाला कळायचं कारण नाही." आवाज त्यांनी हाकेच्या उंचीवरून खाली येऊ दिला नाही. "रोज तिच्याशेजारी बसते. पुस्तकात म्हटलंय काही बोलू नये. पण दोन वर्षं फार झाली. नीरजा, मी बोलले ते चुकीचं होतं. तुझ्या हाताला काही झालेलं नव्हतं. माझ्या जिभेला झालं होतं."

नीरजानं मान वर केली नाही. तिचा पदर तिच्या मुठीत होता. मग ती हळू म्हणाली, "आत्याबाई, बसा. गुडघा दुखेल."

सकवारबाई बसल्या. नीरजा बाकावर सरकली, गरज होती त्याहून जास्त जवळ.

इथंच सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण भगवंतरावांच्या हातात कागद होता. "भावना समजली," ते म्हणाले. "परंतु एक अडचण आहे. स्वतः न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस नियमात कशी बसेल?"

त्यांचं वाक्य संपलं आणि खोलीत कुणी कुणाकडं पाहिना. कुणी छताकडं पाहिलं, कुणी झेंडूकडं. पाळकसाहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसला.

समोरच्या बाकावरून विठोजी उठले.

"मग माझी चिठ्ठी परत द्या," ते म्हणाले.

"तुमची?"

"मी पण वाचलेलं नाही. विहिरीचं ही मला एकदा जेवताना बोलली होती." त्यांनी मागं वळून बायकोकडं बघण्याचं टाळलं. "माझ्या घरी वाचतं ते दुसरंच माणूस आहे. चिठ्ठी तिच्याकडं द्या."

मागून आणखी एक आवाज आला, "माझी पण बघा जरा." मग आणखी एक. सगळे काही उठले नाहीत. चारजण शेवटपर्यंत ताठच राहिले, आणि त्यांत एक भगवंतराव होते. पण त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले की चिठ्ठ्या पुन्हा घेण्यात येतील, ज्यानं वाचलं असेल त्यानं लिहाव्यात, आणि सकवारबाईंची नोंद राहील. हे म्हणताना त्यांचा चेहरा असा होता की जणू हा नियम पहिल्यापासून त्यांचाच होता.

मग व्हायचं तेच झालं. आतापर्यंत चिठ्ठ्यांना हातही न लावलेल्या बायकांनी कपाटापुढं गर्दी केली. प्रत्येकीला आपलं पुस्तक पाहिजे होतं, आणि एकीलाही त्याचं नाव आठवत नव्हतं. एकीला पिवळं पाहिजे होतं. एकीला ते, ज्यात शेवटी तो आजारी मुलगा बरा होतो. एकीला नुसतं एवढंच आठवत होतं की तिनं ते वाचलं तेव्हा बाहेर कुणीतरी भांडत होतं. विठोजींनी परत मिळालेली चिठ्ठी आणि पेन्सिल रत्नाबाईंच्या हातात दिली. दोन आठवडे त्या जिच्यासाठी धडपडत होत्या ती चिठ्ठी हातात आली, आणि दहा मिनिटंचं नाव तर आधीच गेलेलं. दुसरं कुठलं लिहावं हे ठरेना. त्यांच्याकडं सांगण्यासारखी वीस नावं होती आणि चिठ्ठी एकच. त्यांनी बारीक अक्षरात सहा लिहिली.

"एका घराचं एक," भगवंतराव खांद्यावरून बघत म्हणाले.

"एका ओळीत एक," रत्नाबाई म्हणाल्या. "सहा ओळी आहेत."

साडेचारला कन्नड मंडळीचा माणूस किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला, तेव्हा सगळे बाहेर पडले. सकवारबाईंना जटक्यात चढवायला दोघी लागल्या. चढता चढता त्यांनी रत्नाबाईंना ऐकवलं, की दोन शब्द म्हणाली होतीस, एवढे बोलावे लागले, आता घसा बसला तर काढा तू आणून दे.

नीरजा खालीच थांबली होती. कपाटातलं दहा मिनिटंचं पुस्तक तिनं छातीशी धरलं होतं, वहीत नोंद न करता घेतलेलं. रत्नाबाई त्यावर काही म्हणणार होत्या, पण तीच आधी बोलली, हळू, सासूला ऐकू जाऊ नये अशी.

"रत्नाबाई, बाराव्यात काय आहे?"

"तू वाचलं नाहीस पुढं? इतक्या दिवसांत?"

"एकटीनं कशी वाचणार," नीरजा म्हणाली. "त्यांना सोडून."

रत्नाबाईंना बारावा पाठ शब्दन् शब्द ठाऊक होता. सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि वरून सकवारबाई ओरडल्या, की घोडा काय दिवसभर उभा राहणार आहे, जे काय असेल ते घरी गेल्यावर वाच, मी ऐकणार आहे.

"जा," रत्नाबाई म्हणाल्या. "मोठा नाही. दहाच मिनिटं लागतात."